गोव्यातलं घर स्वतःच्या हाताने सजवताना: आधी पावसाचं बघा, मग भिंतीचं

गोव्यात नवीन राहायला आलेली बरीच मंडळी विचारतात की घर सजवायचंय, सुरुवात कुठून करू. त्यांनी फोनमध्ये सेव्ह केलेले फोटो बघितले की कळतं, ते सगळे कोरड्या हवेतल्या घरांचे आहेत, आणि आपल्याकडे तर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, वर किनाऱ्याजवळ असाल तर बाराही महिने खारं वारं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं शेल्फ एका पावसाळ्यात फुगतं, लोखंडी हुक गंजून भिंतीवर तांबडा ओघळ सोडतो, काचेच्या फ्रेममधला फोटो बुरशीने ठिपकेदार होतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, जी वस्तू इथला पाऊस सोसेल तीच घरात आणायची, आणि अशा वस्तू इथल्या बाजारात, इथल्या जुन्या घरांत आणि इथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यानपिढ्या आहेतच. माती, बांबू, चिरा (म्हणजे जांभा दगड), चुना, काथ्या, पितळ. ऑनलाइन ऑर्डर करायच्या आधी हे बघा.

खरेदीच्या आधी भिंत तपासा

फ्लॅट असो की जुनं घर, पहिलं काम ओल बघायचं. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन कापायचा आणि भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा, हवा शिरायला नको. एक-दोन दिवसांनी काढून बघा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर भिंतीतूनच ओल येतेय, खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर हवेतला दमटपणा आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे. भिंतीतूनच ओल येत असेल तर त्या भिंतीवर काहीही टांगू नका, आधी बाहेरून गळती कुठे आहे ते शोधायचं, घर भाड्याचं असेल तर मालकाला फोटो काढून पाठवायचा. हवेतलाच दमटपणा असेल तर खिडक्या उघड्या ठेवणं, पंखा चालू ठेवणं आणि वस्तू भिंतीपासून अर्धा-एक सेंटीमीटर लांब ठेवणं एवढ्यावर बरंच भागतं. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे पातळ काप चिकटवा, मागून हवा खेळली की बुरशी धरत नाही.

भिंत कशाची आहे तेही बघा. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, अशा भिंतीत छोटा खिळा ठोकला की गिलाव्याची पोपडी निघते आणि खिळा हातात येतो. तिथे ड्रिल करून लांब गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी नळी) घालायची, म्हणजे स्क्रू गिलावा ओलांडून चिऱ्यात बसतो. चिकटवायचे हुक चुन्याच्या भिंतीवर अजिबात टिकत नाहीत कारण ते चुन्याच्या भुकटीला चिकटतात, भिंतीला नाही. स्क्रू, हुक, साखळी जे काही घ्याल ते स्टेनलेस स्टीलचं किंवा पितळेचं घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘एसएस ३०४’ म्हणून मागा, समुद्र अगदी समोर असेल तर ३१६. थोडे पैसे जास्त जातात पण दर वर्षी डाग पुसत बसावं लागत नाही.

वस्तू शोधायच्या कुठे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, यात दुसरा विचारच नको. सकाळी लवकर जा. मातीची मडकी, बुडकुले, झाकण्या, बांबूच्या टोपल्या, सुपं, केरसुण्या, सगळं एकाच ठिकाणी. ही वापरायची भांडी म्हणून बनतात, शोभेसाठी नाही, आणि म्हणूनच ती दिसायला इतकी नीट असतात, कुठेही उगाच नक्षी नाही. विकायला बसलेल्या बाईंना नुसती किंमत विचारू नका, “मावशी, हे कशाला वापरतात?” असंही विचारा, मग कुठलं मडकं पाणी झिरपवतं आणि कुठलं नाही ते त्याच सांगतात. झाडासाठी झिरपणारं चांगलं, लाकडी टेबलावर ठेवायचं असेल तर न झिरपणारं. मडकं बोटाच्या सांध्याने वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे.

मातीकाम आणि पितळेच्या समया, दिवे यांच्यासाठी डिचोलीचं नाव आहे. कुंकळ्ळीचे चितारी लाकडावर लाखेचं रंगकाम करतात, पाट, पाळणे, खेळणी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत. एक असा पाट घेऊन भिंतीला उभा टेकवून ठेवला तरी खोलीचं रूप बदलतं, आणि बसायला लागला तर खाली घ्यायचा. मी सगळ्यांना हाच सल्ला देते की छापील पोस्टरवर पैसे घालण्यापेक्षा चिताऱ्याच्या हातचा एक पाट घ्या.

हणजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठीचा, तिथे देशभरातला माल असतो, गोव्याचा थोडाच. कापड, लॅम्पशेड मिळतात, पण भाव करावा लागतो. फेस्तांच्या (चर्चच्या सणांच्या) आणि जत्रांच्या फेऱ्या, म्हणजे तेव्हा भरणारे बाजार, मात्र सोडू नका. म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताची, मडगावला पावसाआधीच्या पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) फेस्ताची, अशा फेऱ्यांत घरगुती वापराच्या वस्तू ढिगाने येतात.

आणि तिसरी जागा म्हणजे पाडकामाचं सामान. जुनी घरं पाडली की दरवाजे, खिडक्या, वासे, कौलं, रंगीत फरशा विकायला येतात, रस्त्याकडेला जुन्या फर्निचरची दुकानं असतात तिथे हे सगळं मिळतं. लाकूड घेताना दोन गोष्टी बघायच्या. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा किडा. भुकटी ताजी, फिकट रंगाची असेल तर किडा अजून आत आहे, अशी वस्तू घरातल्या बाकी लाकडाजवळ नेऊच नका, बाहेरच भोकात इंजेक्शनच्या सिरिंजने किडीचं औषध सोडा, काही दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, मग बघा. दुसरं, जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल काही भरवसा नाही. पाणी लावून ओलं घासायचं, मास्क घालायचा, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि तो चिखल कागदावर गोळा करून टाकायचा.

शिंपल्यांबद्दल जरा थांबून सांगते. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात, त्यातून येणारा दुधाळ उजेड ज्याने पाहिलाय त्याला तो हवासा वाटतोच. पण हा शिंपला वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, चिखलीच्या खाडीसारख्या ठिकाणी तो अजून जिवंत सापडतो, तर तिथून गोळा करून आणायचा नाही आणि कुणी पिशवीत भरून विकत असेल तर घ्यायचा नाही. प्रवाळाचंही तेच. तसा उजेड हवा असेल तर खिडकीच्या काचेला आतून ट्रेसिंग पेपरचे साधारण तीन इंची चौकोन लावा, मध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या, आठ-दहा फूट लांबून जवळपास तसाच उजेड दिसतो.

पहिला प्रकल्प: कावीचा फलक

एकच काम करायचं असेल तर हे करा. कावी ही आपल्या कोकणपट्टीतली भित्तिकला, मोरजीच्या मोरजाईच्या देवळात बघता येते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा, पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा, म्हणजे चित्र रंगवायचं नाही, खरवडून काढायचं. पारंपरिक पद्धतीत शिंपल्यांचा चुना, वाळू, गूळ वगैरे कुजवून, कुटून गिलावा करतात, ते घरी जमवणं अवघड आहे. पण त्याच तत्त्वावर छोटा फलक घरात होतो.

सामान: एक फूट बाय एक फूट फायबर सिमेंटचा बोर्ड (एमडीएफ नको, कारण वर सांगितलंच), पांढरी सिमेंटची वॉल पुट्टी, रेड ऑक्साइडच्या छटेचा पाण्यातला अॅक्रिलिक रंग (मॅट घ्या), २२० नंबरचा पॉलिश पेपर, शाळेतला कंपास, एक जाड खिळा, मऊ ब्रश, मॅट क्लिअर व्हार्निश.

बोर्ड ओल्या फडक्याने पुसून जरा दमट करा आणि पुट्टीचा पातळ हात द्या. चार-सहा तासांनी दुसरा. दोन्ही मिळून दीड-दोन मिलिमीटर जाडी हवी, यात कंजुषी केली तर कोरताना खालचा करडा बोर्ड दिसायला लागतो. एक दिवस सुकू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. मग पॉलिश पेपरने सपाट करा, मास्क घालूनच, ही धूळ फार बारीक असते.

आता लाल रंग. दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. जाड थर दिला तर तो सालीसारखा निघतो आणि रेघेच्या कडा फाटतात. रंग हाताला लागायचा थांबला पण पूर्ण कडक झाला नाही, अशा वेळी कोरायला बसायचं, म्हणजे साधारण एक ते तीन तासांच्या आत.

नक्षी कुठली, तर सुरुवातीला सहा पाकळ्यांचं फूल. कंपासने वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवा, टोक वर्तुळाच्या कडेवर कुठेही टेकवा आणि वर्तुळाच्या आत कमान काढा. ती कमान कडेला जिथे छेदते तिथे पुन्हा टोक ठेवा, पुन्हा कमान. सहा वेळा केलं की फिरून पहिल्या जागी येता आणि मध्ये फूल तयार असतं. पेन्सिलऐवजी कंपासच्या दुसऱ्या पायात खिळा किंवा जाड सुई बसवली तर रेघ थेट कोरली जाते. मग पाकळ्यांच्या आतला किंवा बाहेरचा भाग खिळ्याने खरवडून पांढरा करायचा, दोन्ही नाही, नाहीतर फूलच हरवतं. मी बाहेरचा भाग पांढरा करते, लाल पाकळ्या ठसठशीत उठून दिसतात. कडेने त्रिकोणांची किंवा साखळीची पट्टी काढा, देवळांतल्या कावीत अशा पट्ट्या भरपूर असतात.

खरवडलेली लाल भुकटी बोटाने पुसायची नाही! ती पांढऱ्यात घासली जाते आणि गुलाबी डाग पडतो तो जात नाही. बोर्ड उभा धरून मागून टिचक्या मारा, उरलेली मऊ कोरड्या ब्रशने झटका. सगळं झाल्यावर एक दिवस ठेवून मॅट व्हार्निशचे दोन हात, चमकणारं व्हार्निश नको, कावीचा सगळा गोडवा त्याच्या मातीसारख्या कोरड्या दिसण्यात आहे. असे चार फलक करून दाराच्या चौकटीवर ओळीने लावले तर बाकी भिंतीला काहीच लागत नाही.

मंगळुरी कौलाचा दिवा

बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली, त्यामुळे जुन्या कौलावर कारखान्याचं नाव आणि कधी एखादं चिन्ह छापलेलं मिळतं. अशी ठसेवाली दोन-तीन कौलं शोधून घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने शेवाळ काढा (अॅसिड वापरू नका, माती खाल्ली जाते), आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. रंगवायचा मोह होतो पण ठसा असलेलं कौल रंगवू नये असं मला मनापासून वाटतं, त्या लाल मातीसारखा रंग डब्यात मिळत नाही. कौल शेल्फवर किंवा बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, भिंतीला तिरकं टेकवायचं आणि मागे पिवळ्या उजेडाची, म्हणजे २७०० के लिहिलेली एलईडी पट्टी सोडायची. एका कौलाचं वजन दोन-तीन किलो असतं, तेव्हा भिंतीवर टांगायच्या भानगडीत नवशिक्यांनी पडू नये, टेकवलेलंच बरं.

बिनठशाची कौलं मात्र खुशाल रंगवा, मुलांकडून रंगवून घ्या.

बांबूचं नखेत्र, बारा महिन्यांचं

दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचं नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, दोन्हीचा सांगाडा आपल्याकडे बांबूच्या कामट्यांचाच. तो नुसत्या सणापुरता का ठेवायचा, त्याची कायमची लॅम्पशेड होते. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, दोन फूट चांगली लांबी. पाच कामट्या एकमेकींवरून नेऊन पंचकोनी चांदणी बांधा, टोकाला आणि जिथे जिथे त्या छेदतात तिथे दोऱ्याने. अशा दोन चांदण्या. त्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधून घ्यायची, आणि मधल्या पाच आतल्या कोपऱ्यांत चार इंची कामट्यांचे तुकडे आडवे अडकवायचे, चांदणी फुगते. पतंगी कागद सणाला छान पण पावसाळ्यात लोंबतो, म्हणून कायमच्या दिव्याला पांढरं मलमल घ्या, फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून ते ब्रशने लावत ताणून चिकटवा, वाळल्यावर ते ढोलासारखं ताठ होतं. आत फक्त एलईडी बल्ब, पाच ते नऊ वॅटचा, आणि तो कापडाला टेकता कामा नये. एक टोक उघडं ठेवा, हात जायला.

छोटी कामं

फेणीचा जुना गाराफांव, तो मोठा पोटाचा काचेचा बुधला, कुणाच्या घरी पडून असेल तर मागून घ्या. आत हात जात नाही तेव्हा मूठभर तांदूळ, थोडं व्हिनेगर आणि कोमट पाणी घालून गोल गोल फिरवा, काच लख्ख होते. पूर्ण वाळली की आत फेअरी लाइट्सची माळ. भोक पाडू नका, जुनी काच तडकते.

नावाची पाटी: पणजीत फोंतेन्हांसात घरांवर निळ्या-पांढऱ्या टाइलच्या पाट्या दिसतात, आणि मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत शिरतानाच अशा टाइल्सची मोठी चित्रं आहेत, १९३५ सालची, ती आधी बघून या, निळ्याच्या किती छटा एकाच चित्रात लागतात ते कळतं. घरी करायला पांढरी ग्लेझ्ड टाइल स्पिरिटने पुसा, निळ्या पोर्सिलेन रंगाने लिहा, एक दिवस वाळवा, मग थंड ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन चालू करा. साधारण १५० अंशांवर ३५ मिनिटं, पण डब्यावर जे लिहिलंय तेच खरं. ओव्हन बंद करून टाइल आतच थंड होऊ द्या, गरम बाहेर काढली तर चिरते. आणि ही पाटी छपराखाली लावा, थेट पावसाच्या माऱ्यात नाही.

करवंट्या: बाहेरून ८०, मग १२०, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वर खोबरेल चोळायचं. काथ्याच्या दोरीत टांगल्या की मनीप्लांटसाठी चालतात, खाली भोक पाडायला विसरायचं नाही, पाणी साठलं की डास.

कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड उशांच्या अभ्र्यांना, टेबलाच्या पट्टीला सुरेख दिसतं. आधी एकदा गार पाण्यात वेगळं धुवा, लाल रंग सुटतो का बघा, मगच शिवा.

पितळेची समई किंवा लामणदिवा खाऱ्या हवेत काळा पडणारच. सोलं (आमसुलं) भिजवून त्यांच्या पाण्यात मीठ घालून घासा, धुवा, आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसा, ओली ठेवली तर हिरवट डाग येतात.

चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायला, जी लाकडी चौकट असते ती काही घरांत दर वर्षी नव्याने करतात. जुनी चौकट उरली असेल आणि घरातल्या मोठ्यांची हरकत नसेल तर तिला पुन्हा वापरात आणा, स्वयंपाकघरात खिडकीजवळ टांगून त्यावर सुक्या मिरच्या, कांद्याच्या वेण्या, टोपल्या. मोठ्यांना विचारल्याशिवाय मात्र नको.

मे महिन्यात काय करायचं

पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, एक दिवस यासाठी काढा. काथ्याची पायपुसणी आणि जाड गालिचे उन्हात तापवून, गुंडाळून माळ्यावर. जाड पडदे काढून पातळ सुती लावा, ते पंख्याखाली सुकतात. लाकडी वस्तूंच्या पायाखाली फरशीचे तुकडे सरकवा. कावीचा फलक आणि फ्रेम्स बाहेरच्या भिंतीवर असतील तर आतल्या भिंतीवर हलवा, बाहेरची भिंत पाऊस पिते, आतली नाही. बांबूच्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा, आणि पावसात पांढरी बुरशी दिसली तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा, फेकायची गरज नसते.

पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या भिंतींवरून एकदा हात फिरवा, जिथे गार-ओलसर लागेल तिथे पेन्सिलने खूण करून तारीख घाला. त्या खुणांच्या जागा सोडून ऑक्टोबरमध्ये पुढचं काम काढायचं.